नायजेरियातील स्त्रिया आणि स्तनाचा कर्करोग : धोका कशाने वाढतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाचा कर्करोग हा श्रीमंत देशांतला, गोऱ्या बायकांचा आजार, असा समज आफ्रिकेत बरीच वर्षे होता. नायजेरियाकडे पाहिले की तो समज टिकत नाही. आफ्रिका म्हणजे पन्नासहून जास्त देश, आणि या आजाराची तऱ्हा पूर्वेला वेगळी, पश्चिमेला वेगळी. म्हणून इथे सगळ्या खंडाबद्दल न बोलता एकाच देशाबद्दल लिहिले आहे. अर्थात लोकसंख्येने तो आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश आहे.

नायजेरियात हा आजार किती जणींना होतो?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली सुमारे ३२,००० स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे १६,००० जणी त्याने गेल्या. त्याच वर्षी भारतात नव्या रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार आणि मृत्यू सुमारे ९८ हजार. लोकसंख्या वेगळी, पण हिशेब दोन्हीकडे सारखाच निघतो : दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. अमेरिकेत किंवा पश्चिम युरोपात लाखामागे रुग्ण याहून जास्त सापडतात, मरतात मात्र कमी.

आजार वाढतो आहे हेही खरे. नैर्ऋत्येकडच्या इबादान शहरात १९६० पासून कर्करोगाच्या नोंदी ठेवल्या जातात. साठच्या दशकात तिथे वर्षाला लाख स्त्रियांमागे १४ च्या आसपास नवे रुग्ण होते, १९९८-९९ मध्ये २५ च्या आसपास, आणि २००९-१० मध्ये ५२. यातली काही वाढ नोंदी सुधारल्याची आहे. पूर्वी घरीच मरणारी बाई आता निदान कागदावर तरी येते. पण सगळी वाढ तेवढ्याने समजावता येत नाही. पहिले मूल उशिरा, मुले कमी, शहरातले बैठे काम, वाढते वजन, हे सगळे याच काळात बदलले.

‘धोक्याचा घटक’ म्हणजे आजाराचे कारण का?

नाही. घटक असला की शक्यता वाढते, एवढेच. सगळे घटक असूनही आजार न होणाऱ्या बायका पुष्कळ, आणि एकही नसताना होणाऱ्याही आहेत. ‘तू असे केलेस म्हणून तुला झाले’ असे कुठल्याही बाईला म्हणू नये. ते शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

तिथे हा आजार इतक्या तरुण वयात का होतो?

इबादानच्या मोठ्या अभ्यासात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ होते. अमेरिकेत निम्म्या रुग्ण ६२ वर्षांपुढच्या असतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाटते, आफ्रिकेतल्या बाईला आजार पंधरा वर्षे आधीच गाठतो.

इथे थोडे थांबायला हवे. नायजेरियातली निम्मी लोकसंख्या साधारण अठराच्या आतली आहे आणि साठीपुढच्या बायका मुळातच थोड्या. ज्या गावात म्हाताऱ्याच कमी, त्या गावच्या रुग्णांचे सरासरी वय कमीच येणार. वयाचा गट धरून पाहिले, म्हणजे चाळिशीतल्या दर लाख बायकांमागे किती आणि साठीतल्या दर लाखामागे किती, तर तिथेही वय वाढते तसा धोका वाढतोच. तरुणपणी होणारा, झपाट्याने वाढणारा प्रकार तिथे जास्त दिसतो हे खरे आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण ‘हा तरुण बायकांचाच आजार’ असे समजून साठीतल्या आजीच्या गाठीकडे दुर्लक्ष करणे ही मोठी चूक ठरते.

मुले जास्त झाली की धोका कमी होतो म्हणतात. मग तिथे आजार वाढतो कसा?

२०१८ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार नायजेरियात एका स्त्रीला सरासरी ५.३ मुले होत होती. महाराष्ट्रात त्या सुमारास हाच आकडा १.७ होता. तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत स्तनातल्या पेशी दर महिन्याला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांखाली वाढतात आणि ओसरतात. पाळी लवकर आली, उशिरा गेली, पहिले मूल तिशीनंतर झाले किंवा झालेच नाही, तर हे चक्र जास्त वेळा फिरते आणि धोका वाढतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते थांबते, शिवाय पेशी ‘पक्व’ होतात आणि त्यांच्यात बिघाड होण्याची शक्यता कमी होते. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ साली जो हिशेब निघाला, त्यात प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक वर्षामागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होताना दिसला.

पण हे संरक्षण सरसकट नाही. एक तर बाळंतपणानंतरची काही वर्षे धोका कमी व्हायच्या ऐवजी थोडा वाढतो, फायदा पुढे कधीतरी दिसतो. जिथे बायका विशीपासून चाळिशीपर्यंत बाळंत होत असतात, तिथे ही नाजूक वर्षे पुन्हा पुन्हा येतात. दुसरे असे की मुले जास्त असण्याचा फायदा मुख्यतः संप्रेरकांवर पोसणाऱ्या कर्करोगांविरुद्ध मिळतो. संप्रेरकांना न जुमानणारा जो प्रकार आहे, त्याविरुद्ध नुसत्या बाळंतपणांचा उपयोग होत नाही. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात तर मुले झाली पण अंगावर पाजले नाही, अशा बायकांत हा प्रकार उलट जास्त आढळला. पाजणाऱ्यांत तसे दिसले नाही.

म्हणजे अंगावर पाजणे महत्त्वाचे. तिथे सगळ्याच बायका पाजत असतील ना?

पाजतात जवळजवळ सगळ्याच, आणि पुष्कळ महिने पाजतात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध मिळणारी मुले मात्र २०१८ च्या पाहणीत २९ टक्केच होती. पाणी, पेज, वरचे दूध लवकर सुरू होते. रोज पहाटे बाजारात दुकान मांडणाऱ्या बाईला घरी बसून पाजायला पगारी रजा कोण देणार?

घरात कुणालाच नव्हता, तरी होऊ शकतो का?

हो, बहुतेक जणींच्या बाबतीत तसेच असते. पण नायजेरियात आनुवंशिकतेचा वाटा वाटत होता त्यापेक्षा मोठा निघाला, आणि हे ज्या अभ्यासातून कळले त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे.

डॉ. ओलुफुनमिलायो ओलोपादे या मूळच्या नायजेरियन, इबादानलाच वैद्यकशास्त्र शिकलेल्या आणि पुढे शिकागो विद्यापीठात गेलेल्या कर्करोगतज्ज्ञ. त्यांनी आणि इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९९८ पासून स्तनाचा कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांची माहिती व रक्ताचे नमुने गोळा करायला सुरुवात केली. २०१८ साली त्यातल्या १,१३६ रुग्णांची जनुके तपासल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातल्या जवळपास १५ रुग्णांत वारशाने आलेला घातक बदल सापडला. आजार नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. बीआरसीए१ या जनुकातला बदल ७ टक्के रुग्णांत, बीआरसीए२ मधला ४.१ टक्के रुग्णांत, आणि पीएएलबी२ मधला १ टक्क्यात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की एका बाईला आजार झाला की तिच्या बहिणी आणि मुली यांच्यासाठीही ती सूचना असते. आणि हा बदल बापाकडूनही येतो. आत्याला झाला होता का, हे विचारायचे राहूनच जाते. शिवाय ‘घरात कुणालाच नव्हता’ हे उत्तर फार जपून घ्यावे लागते. जी आजी ‘छातीला जखम होऊन’ गेली, तिच्या आजाराला नावच मिळाले नव्हते.

‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणजे काय? तो तिथे जास्त का?

गाठीचा तुकडा काढला की प्रयोगशाळेत त्यातल्या पेशींत तीन गोष्टी बघतात : इस्ट्रोजेनचा ग्राहक (म्हणजे ते संप्रेरक पकडणारे प्रथिन), प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक आणि एचईआर२ हे प्रथिन. तिन्ही नसले की तो ट्रिपल निगेटिव्ह. त्यावर टॅमॉक्सिफेनसारखी, इस्ट्रोजेनला अडवणारी स्वस्त गोळी चालत नाही. केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया हेच मुख्य उपाय उरतात.

पश्चिम आफ्रिकेत या प्रकाराचे प्रमाण जास्त आहे. शेजारच्या घानात केलेल्या एका तुलनेत निम्म्याहून जास्त रुग्ण या प्रकारच्या होत्या, तर पूर्वेकडच्या इथिओपियात सुमारे १५ टक्के, म्हणजे गोऱ्या अमेरिकन स्त्रियांइतक्याच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया या दोहोंच्या मध्ये. त्यांचे पूर्वज बहुतांशी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरूनच गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेले गेले होते. त्या अत्याचाराचा माग आज असा रक्तात सापडतो.

आता एक बारीक पण मोलाची गोष्ट. काढलेला तुकडा ताबडतोब आणि पुरेशा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, बुडवावा लागतो. उकाड्यात तो तासन् तास तसाच राहिला किंवा नातेवाईक तो लहानशा बाटलीत घालून दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये बसने घेऊन गेले, तर ग्राहक नष्ट होतात आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. ज्या बाईला रोजची एक गोळी वाचवू शकली असती, तिला ती दिलीच जात नाही. म्हणून तिथले सगळे ‘निगेटिव्ह’ आकडे खरे धरू नयेत, असे तिथलेच तज्ज्ञ सांगत आले आहेत.

ब्रामध्ये पैसे ठेवल्याने कर्करोग होतो का?

नाही. हा प्रश्न नायजेरियात इतक्या वेळा विचारला जातो की तिथल्या पाहण्यांमध्ये तो मुद्दाम घातलेला असतो, आणि ‘हो’ म्हणणाऱ्या पुष्कळ निघतात.

प्रश्न येतो कुठून, ते बाजारात उभे राहिले की समजते. टोमॅटो-मिरच्यांच्या ढिगामागे बसलेली बाई गिऱ्हाइकाकडून नायराच्या मळक्या नोटा घेते, घडी करते आणि छातीशी खोचते. गल्ला तिथेच, तिजोरीही तिथेच. आपल्याकडे भाजीवाली मावशी ब्लाउजमध्ये पाकीट ठेवते, तसेच. नोटा अनेक हातांतून आलेल्या, घाणेरड्या. त्या दिवसभर कातडीला लागून राहिल्या तर खाज येईल, पुरळ उठेल. पण कातडीवरची घाण स्तनाच्या आतल्या पेशींचे जनुक बदलत नाही. काळी ब्रा, तारेची ब्रा, घट्ट ब्रा, स्तनाला लागलेला मार, यांनीही कर्करोग होत नाही. मार लागल्यावर बाई हात लावून बघते आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते, इतकेच.

या समजुतीचे मला वाईट वाटते ते एका कारणासाठी. जी बाई ‘मी तर पैसे पर्समध्ये ठेवते’ म्हणून निश्चिंत राहते, ती गाठीकडे बघत नाही.

हा आजार करणीने किंवा शापाने होतो, असे तिथे मानतात का?

काही जण मानतात. योरुबा भाषेत कर्करोगाला ‘जेजेरे’ म्हणतात, त्यात ‘खाणे’ या अर्थाचा ‘जे’ आहे. हौसा भाषेत ‘चिवोन दाजी’. ‘दाजी’ म्हणजे रान. शरीर खात जाणारा, रानातून आल्यासारखा आजार. नावातच भीती आहे, आणि भ्यालेला माणूस आधी देवाकडे जातो. प्रार्थनेला विरोध करायचे कारण नाही. प्रार्थना करून दुसऱ्या दिवशी बायोप्सी करून घेता येते. ‘उपास पूर्ण होईपर्यंत इस्पितळात जाऊ नकोस’ असे सांगणारा माणूस मात्र त्या बाईचे आयुष्य कमी करत असतो.

वजन, दारू आणि गर्भनिरोधक गोळ्यांचे काय?

पाळी गेल्यानंतर चरबीतूनच इस्ट्रोजेन तयार होते, त्यामुळे त्या वयातला लठ्ठपणा धोका वाढवतो. नायजेरियन स्त्रियांच्या अभ्यासांत नुसत्या वजनापेक्षा पोटाचा घेर जास्त बोलका ठरला : कमरेचा घेर नितंबांच्या मानाने जितका जास्त, तितका धोका जास्त. उंच स्त्रियांनाही धोका थोडा अधिक दिसला, पण उंचीचे काही करता येत नाही.

दारूचा संबंध पक्का आहे, आणि नायजेरिया, कॅमेरून व युगांडा इथल्या स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासातही तो दिसला. ताडाची ‘नैसर्गिक’ दारू असो नाहीतर बाटलीतली बिअर, शरीराच्या दृष्टीने दोन्हीत अल्कोहोलच.

गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत धोका किंचित वाढतो. डेन्मार्कमधल्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात संप्रेरकांची गर्भनिरोधके वापरणाऱ्या दर ७,६९० स्त्रियांमागे वर्षाला एक जादा रुग्ण, असा हिशेब निघाला. २०१८ साली नायजेरियातल्या विवाहित स्त्रियांपैकी १२ टक्केच आधुनिक गर्भनिरोधक साधने वापरत होत्या, तेव्हा तिथल्या वाढीला गोळ्या जबाबदार धरता येत नाहीत. आणि जिथे बाळंतपणात एवढ्या बायका दगावतात, तिथे कर्करोगाच्या भीतीने गोळी सोडणे हा तोट्याचा सौदा आहे. घरात जवळच्या कुणाला हा आजार असेल तर डॉक्टरांना तसे सांगून दुसरे साधन निवडता येते.

मग सर्वांत मोठा धोका कोणता?

उशीर. माझ्या मते या पानावरची हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. वर सांगितलेले बहुतेक घटक बदलता येत नाहीत, बदलले तरी फरक थोडा पडतो. आजार होणे आणि आजाराने मरणे यांच्या मधले अंतर मात्र माणसांच्या हातात आहे.

इबादानच्या ज्या रुग्णांची नोंद होती, त्यांतल्या शंभरात ८६ जणी तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात, म्हणजे आजार बराच पुढे गेल्यावर, इस्पितळात आल्या होत्या. २०१४ ते २०१७ या काळात नायजेरिया, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झांबिया इथल्या रुग्णांच्या मागावर राहिलेल्या अभ्यासात तीन वर्षांनी निम्म्या जणी हयात होत्या. नायजेरियातल्या फक्त ३६ टक्के. त्याच संशोधकांच्या हिशेबाने निदान लवकर झाले आणि उपचार सुधारले, तर यातले २८ ते ३७ टक्के मृत्यू टळू शकतात.

हा उशीर होतो कसा? गाठ दुखत नाही, हे पहिले कारण. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताला वाटाण्याएवढे काहीतरी लागते. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असे वाटते. काही महिन्यांनी ती लिंबाएवढी होते. मग कोपऱ्यावरचा औषधवाला अँटिबायोटिक देतो, शेजारीण झाडपाल्याचा काढा सांगते. आरोग्य केंद्रातली नर्स तरुण बाईला ‘दुधाची गाठ असेल’ म्हणून परत पाठवते. हे शेवटचे मला सर्वांत जास्त सलते, कारण ती बाई वेळेवर आली होती.

त्यानंतर पैसा. २०२२ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा झाला, तरी बहुतेक कुटुंबे उपचाराचा खर्च खिशातूनच करतात. बायोप्सीला पैसे, रिपोर्टला पैसे, केमोच्या प्रत्येक डोसला पैसे. दोन डोस झाले की तिसऱ्यासाठी जमवाजमव, आणि तोवर गाठ पुन्हा वाढते. रेडिएशनची यंत्रे एवढ्या मोठ्या देशात मोजकी, त्यातली काही बंद. लागोसच्या विद्यापीठ इस्पितळात २०१९ साली सुरू झालेले कर्करोग केंद्र ही चांगली गोष्ट आहे, पण ईशान्येकडच्या खेड्यातून लागोस म्हणजे देशाचे दुसरे टोक.

आणि स्तन काढावा लागेल ही भीती. नवरा सोडून देईल, दुसरी करील, ही शंका पुष्कळदा खरीही ठरते. ती बाई ‘अडाणी’ म्हणून उशिरा आली, असे म्हणणाऱ्यांनी हे सगळे तिच्या जागी बसून मोजावे.

सगळ्यांची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) का करत नाहीत?

यंत्रे कमी, ती वाचणारे तज्ज्ञ त्याहून कमी, आणि तरुण स्तन घट्ट असल्याने त्यात गाठ दिसायला कठीण. इथे मुंबईचा एक अभ्यास कामाला येतो. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर तो केला. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले : तपासणी झालेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगायला हवे. महागड्या यंत्राशिवाय, शिकवलेल्या हातांनी हे होऊ शकते, ही गोष्ट नायजेरियासाठी मोलाची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठेवलेले लक्ष्यही याच वाटेने जाते : ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडाव्यात, दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पुरे व्हावे, आणि ८० टक्के जणींचे उपचार पूर्ण व्हावेत.

पुरुषांना होतो का?

होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. पुरुषाच्या छातीत कडक गाठ लागली तर त्यानेही दाखवावे.

आम्ही नोकरीनिमित्त लागोसला राहतो. आमचा धोका तिथल्या बायकांसारखा होतो का?

जनुके तुमची तुमच्याबरोबरच जातात, जागा बदलल्याने ती बदलत नाहीत. वर सांगितलेला पश्चिम आफ्रिकेचा आनुवंशिक भाग तुम्हाला लागू नाही. मूल कधी झाले, किती पाजले, कंबर किती सुटली, हे मात्र जिथे असाल तिथे मोजले जाते.

परदेशी राहणाऱ्या आपल्या बायका एक गोष्ट हमखास करतात : तपासण्या ‘भारतात गेल्यावर’ म्हणून ठेवून देतात. ठरलेली, नेहमीची तपासणी तशी ठेवली तर चालते. पण नवी गाठ, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्ताळ पाणी, संत्र्याच्या सालीसारखी खड्डे पडलेली कातडी किंवा काखेत गाठ, यांतले काहीही दिसले तर दिवाळीच्या तिकिटाची वाट बघू नका. त्याच आठवड्यात तिथल्या डॉक्टरांना दाखवा, आणि ‘काही नाही’ म्हणाले तरी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी मागून घ्या. घरी कामाला येणाऱ्या ताई असतील, तर त्यांनाही एकदा विचारा.